आमच्या मेडिकलवर ती पाटी लागणार नाही

सोलापुरातली गड्ड्याची यात्रा उरकली की आमच्या भागातल्या महिला मंडळाला हुरूप येतो. वर्षाचे कार्यक्रम त्याच सुमारास ठरतात. हळदीकुंकू, दर महिन्याचं प्रवचन, शिवरात्रीचा प्रसाद. यंदा एक नवीनच टूम निघाली. भागातल्या सगळ्या मेडिकलवर पाटी लावून घ्यायची, ‘येथे गर्भपाताच्या गोळ्या मिळत नाहीत’. फ्लेक्स मंडळ स्वखर्चानं करून देणार, वर सिद्धरामेश्वरांचा फोटो, खाली मंडळाचं नाव. दोन दुकानांनी लगेच हो म्हटलं. एकानं तर पुठ्ठ्यावर स्केच पेननं लिहिलेली पाटी आधीच टांगलेली होती, त्याला फुकटात फ्लेक्स मिळाला.

आमच्याकडे चौघी आल्या. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मंडळाच्या अध्यक्षांना सगळा भाग अक्का म्हणतो, मीही म्हणते. अक्का म्हणाल्या, “तुमच्याकडं तर विचारायलाच नको होतं बघा. तुम्ही आपल्यातल्या, लिंगायत. लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी पीत नाही तुम्ही.” मी चहा सांगितला, आणि पाटी लावणार नाही हेही सांगितलं. चहा येईपर्यंत कुणी काही बोललं नाही.

त्यानंतर भागात काय काय बोललं जातंय ते माझ्या कानावर येतंच. मेडिकल आणि पिठाची गिरणी, या दोन ठिकाणी सगळं कळतं. ‘पैशासाठी करते’ हे त्यात जास्त ऐकू येतंय. तर हिशेब आधीच सांगून टाकते. महिन्याकाठी गर्भपाताच्या गोळ्यांची जी काही थोडी किट जातात, त्यापेक्षा जास्त पैसे मला लहान मुलांच्या डायपरवर सुटतात. उलट किट ठेवायचं म्हणजे व्याप. होलसेलर लायसन्सची झेरॉक्स मागतो, प्रत्येक बिलावर डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लागतं, तपासणीला कुणी आलं की पहिली तीच बिलं काढायला लावतात. धंद्याचाच विचार केला असता तर पाटी लावणं सगळ्यात सोयीचं होतं.

आणि माझं मत काय, तेही लपवत नाही. गर्भ राहिला की जीव आला, असं मी मानते. आमच्या घरात आठव्या महिन्यात गर्भलिंगधारण करतात. जंगम, म्हणजे आमचे पुरोहित, येतात, पोटातल्या बाळासाठी लिंगाची पूजा होते, ते आईच्या अंगावर बांधतात आणि जन्मल्यावर ते बाळाचं होतं. माझ्या तिन्ही बाळंतपणांत झालं. त्या रात्री दोन लिंगं अंगावर घेऊन मी झोपायची, आणि कुशीवर वळताना दोन्ही एकमेकांवर बारीक आवाज करायची. ज्या बाईनं तो आवाज ऐकलाय तिला पोटातल्या जिवाचं महत्त्व मंडळानं समजावून सांगायची गरज नाही. किट काउंटरवर ठेवताना मला बरं वाटत नाही. आजही नाही.

तरी ठेवते. का ठेवते, ते एका बाईवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून दोन-चार गोष्टी बदलल्यात.

आमचं दुकान सत्तर फूट रोडच्या बाजूला आहे. गिऱ्हाईक निम्मं विडी कामगार. ही बाई आली ती दुकान बंद करायच्या वेळेला. बोटांना तंबाखूचा वास, पदराला पानाचे बारीक तुकडे. चिठ्ठी तिनं विडीच्या ओळखपत्राच्या प्लास्टिकमध्ये घडी करून ठेवलेली. “काकू, ही गोळी हाय का ओ? दोन दुकानात नाय म्हणले.” चिठ्ठी बाळंतपणाच्या डॉक्टरचीच होती. तारीख, शिक्का, किती आठवडे ते, सगळं नीट. दोन दुकानांतल्या एकानं नुसतं ‘नाही’ म्हटलं होतं. दुसऱ्यानं चिठ्ठी वाचून, शेजारी दोन माणसं उभी असताना, ‘असली पापं आमच्याकडं मिळत नाहीत’ असं ऐकवलं होतं. हे सांगताना ती रडली वगैरे नाही. रडायला वेळ नव्हता, हजार विड्यांचा माल दुसऱ्या दिवशी टाकायचा होता.

पोरं तीन. तांबी बसवली होती, अंगावर फार जायला लागलं म्हणून काढून टाकली. नवरा टॉवेलच्या कारखान्यात, मंदी आली की घरी. तिनं मला विचारलं ते हे, “दोन दिवस बसून विड्या वळता येतील का नाय?” मी म्हटलं, पहिल्या दिवशी येतील, दुसऱ्या गोळ्यांच्या दिवशी नाही, त्या दिवशी घरात कुणीतरी मोठं माणूस असू दे, आणि अंगावरून बेसुमार जायला लागलं किंवा एका बाजूला पोटात कळ आली तर तडक डॉक्टरकडे जा. मग निघताना ती थबकली. “तुमी देवाचं करता. पाप लागतंय का ओ?”

मी तिला डॉक्टरांनी परत कधी बोलावलंय ते विचारलं. दुसरं काही बोलले नाही. तिच्या पापाचा निकाल माझ्या काउंटरवर लागावा, इतकी माझी पुण्याई नाही.

आता इथे कुणी म्हणेल, तुम्हीही बऱ्याच जणांना नाही म्हणता की. म्हणते ना. चिठ्ठी नसेल तर मी किट देत नाही, मग समोर कोणीही असो. गाडी चालू ठेवून हेल्मेटसकट आत येणारी पोरं असतात, “काकू, ते किट द्या ना पटकन”. चांगल्या घरच्या बायका असतात, नणंदेसाठी म्हणून मागणाऱ्या. नाही म्हणजे नाही. कारण गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही. बाईला वाटतं, रक्त जातंय म्हणजे काम झालं. तिकडे नळी फुटते आणि पोटातल्या पोटात रक्त साचतं. ते तपासल्याशिवाय कळत नाही, आणि तपासायचं काम डॉक्टरचं. माझं ‘नाही’ त्या गोळीबद्दल आहे, मागणारीच्या चारित्र्याबद्दल नाही. लग्न झालंय का, कुणाचं आहे, घरी माहीत आहे का, असलं मी विचारत नाही. चिठ्ठी आहे का, तारीख कोणती, एवढंच.

मंडळाचा पहिला मुद्दा होता की हे बेकायदेशीर आहे. नाही ओ. १९७१ साली आपल्याकडे कायदा झाला, १९७२च्या एप्रिलपासून लागू आहे. त्याआधी इंग्रजांचा १८६०चा कायदा, त्यात बाईचा जीव वाचवायला केला तरच गर्भपात माफ, नाहीतर पाडणारा गुन्हेगार आणि बाईही गुन्हेगार. त्यानं पोटं पाडायची थांबली नाहीत. काड्या घालून, झाडपाला घालून पाडली जायची आणि बाया मरायच्या. म्हणून सरकारनं १९६४मध्ये समिती नेमली, तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा, आपल्याच महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. त्या समितीच्या अहवालातून कायदा आला. २०२१मध्ये तो सुधारला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, काही ठरावीक परिस्थितीतल्या बायकांना चोवीसपर्यंत दोन डॉक्टरांचं. गोळ्यांनी करायचं तर नऊ आठवड्यांच्या आत. आणि २९ सप्टेंबर २०२२ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की यात लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही. म्हणजे बाईनं नुसतं मागितलं म्हणून आजही होत नाही, डॉक्टरचं मत लागतंच. पण मंडळाचं मत लागत नाही.

दुसरा मुद्दा जास्त गोंधळाचा आहे आणि त्यात मंडळाचा दोष कमी. अक्का म्हणाल्या, “मुलगी वाचवा म्हणून सरकारच सांगतंय ना? मग तुम्ही गोळ्या कशा विकता?” हा गोंधळ मी शिकलेल्या माणसांतही बघितलाय. भिंतीभिंतीवर ‘स्त्रीभ्रूणहत्या महापाप’ वाचून वाचून लोकांची समजूतच झालीय की गर्भपात म्हणजे मुलगी मारणं. मुली मारल्या गेल्या हे खरंच आहे. महाराष्ट्रात २००१च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, २०११ला ८९४ राहिल्या. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात सगळ्यात आधी, १९८८ साली, कायदा केला तो याच राज्यानं, नंतर १९९४मध्ये केंद्राचा आला, तरी ही गत. तो राग मला समजतो, माझाही आहे. पण तो कायदा तपासणीचा आहे. सोनोग्राफीत मुलगा-मुलगी दिसायला साधारण तिसरा महिना सरावा लागतो. गोळ्या नवव्या आठवड्याच्या आत. जी बाई सातव्या आठवड्यात चिठ्ठी घेऊन येते तिला पोटात काय आहे हे सोनोग्राफीवाल्यालाही सांगता येत नाही. मुलगी नको म्हणून पाडणारे माझ्या दुकानात येतच नाहीत, ते उशिरा, भलत्याच ठिकाणी आणि भलत्याच पैशात जातात.

२०१२ साली बीड जिल्ह्यातलं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण गाजलं, त्यानंतर राज्यभर किटच्या बिलांची तपासणी लागली. अनेक मेडिकलवाल्यांनी ठेवणंच बंद केलं. कटकट नको म्हणून. आणि मग त्या कटकटीला नंतर नीतीचं नाव दिलं. माझ्या धंद्यातल्या माणसांना मी चांगली ओळखते. ज्या दुकानात चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मिळतात, तिथं या किटच्या बाबतीत एकदम धर्म आठवतो.

आता घरचं सांगते. ते सांगू का नको असं बरेच दिवस चाललं होतं. धाकटीला विचारलं, ती म्हणाली, लिही.

पस्तिशी उलटल्यावर मला तिसऱ्यांदा दिवस गेले. मोठा नववीत, मधली सहावीत. दुकानाचं कर्ज डोक्यावर. सासूबाईंना लाज वाटली, “पोराचं लग्न करायच्या वयात हे काय?” ह्यांना हप्त्याची काळजी. नणंदेनं ओळखीच्या दवाखान्यात नंबर लावून टाकला. सगळ्यांचं एकच, पिशवी साफ करून घे आणि मोकळी हो. समजवायला शेजारपाजारच्याही येऊन गेल्या, आणि त्यांतल्या एक आज मंडळात आहेत. त्या वेळी त्यांना पाप दिसलं नाही. लग्नाची, दोन पोरांची आई, अजून एक झालं तर लोक हसतील, एवढंच दिसलं.

डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर बसवलं. नणंद हलेना, तर म्हणाल्या, “तुम्ही पण.” टेबलावर फॉर्म होता, संमतीचा, त्याला फॉर्म सी म्हणतात. पेन दोऱ्यानं टेबलाला बांधलेला. डॉक्टर म्हणाल्या, “इथे सही तुमची लागते. नवऱ्याची लागत नाही, सासूची लागत नाही. तुमच्या मनात काय आहे?” मला तोपर्यंत कुणी हे विचारलंच नव्हतं. मी सही केली नाही. पेन ठेवायला गेले तर दोरा गुंडाळला गेला होता, तो सोडवत बसले, तेवढ्या वेळात रडून घेतलं.

ती धाकटी आता इंजिनिअरिंगला आहे.

अठरा वर्षांवरच्या बाईच्या संमतीशिवाय तिचा गर्भपात करता येत नाही, हे त्याच १९७१च्या कायद्यात लिहिलंय. तिच्या मनाविरुद्ध केला तर तो भयंकर गुन्हा, जन्मठेपेपर्यंत शिक्षा. मंडळाला ज्या कायद्याचा राग आहे त्यानंच माझी मुलगी माझ्या पदरात राहू दिली. मी तेव्हा ‘नाही’ म्हणू शकले आणि विडीवाली ‘हो’ म्हणू शकली, ते एकाच कागदामुळे. त्यावर माझ्या भावकीची सही चालू दिली असती, तर आज मंडळाचीही चालू द्यावी लागेल. तेव्हा माझ्या बाजूनं धर्म होता आणि समोर घरातली सगळी धर्म पाळणारीच माणसं होती, ही गंमत मी विसरलेली नाही.

आमचं माहेर पंढरपूरच्या बाजूचं. आजी पंढरपूरच्या बालकाश्रमाबद्दल सांगायची. प्रार्थना समाजाच्या लोकांनी १८७५ साली तो काढला, नवरंगे बालकाश्रम म्हणून. विठ्ठलाच्या दारात विधवा बायका यायच्या, दर्शनाला म्हणून. त्यांतल्या काहींचं पोट घरच्याच कुणीतरी वाढवलेलं असायचं. पुनर्विवाह नाही, केशवपन सक्तीचं, आणि बाळंत झाली तर घराण्याचं नाक कापलं जाणार. मग चंद्रभागेच्या वाळवंटात काय काय सापडायचं ते आजी पुरतं सांगायची नाही, मध्येच थांबून वाती वळायला लागायची. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी त्याच्याही आधी, १८६३मध्ये, बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. त्याचीही पाटी होती. तिच्यावर विधवांना सांगितलं होतं की गुपचूप येऊन बाळंत व्हा, मूल न्यायचं की इथं ठेवायचं ते तुमच्या खुशीवर.

हे मी अक्कांना सांगितलं तर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, “मग? त्यांनी पोरं वाचवलीच ना?” बरोबर आहे. फुले गर्भपाताच्या बाजूनं बोलले असं मी कुठं म्हणतेय? त्यांनी मूल वाचवायचं ठरवलं तेव्हा घर उघडलं, दाई ठेवली, पदरचा पैसा घातला, एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला. आणि ठेवायचं की न्यायचं हे तिच्यावर सोडलं. आमचं मंडळ फ्लेक्स देतंय. मी म्हटलं, असं करू, मंडळातर्फे एक कार्यक्रम ठेवा. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर येतील, तांबी, इंजेक्शन, गोळ्या, पुरुषांची नसबंदी, सगळं समजावून सांगतील. नको असलेला गर्भ राहिलाच नाही तर पाटीची गरज काय? एकदम शांतता. मग खजिनदारबाई म्हणाल्या, “प्रवचनाच्या हॉलमध्ये? नसबंदी?” र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी नोकरी गेली, खटले झाले. शंभर वर्षं उलटली, आमच्या हॉलपर्यंत काही ते पोचले नाहीत.

एक नाव मी त्या दिवशी मुद्दाम घेतलं. सविता हलप्पनवार. माहेर बेळगावचं. आपल्यातलीच, लिंगायत. आमच्या नात्यात निम्म्या सुना बेळगाव-विजापूरकडच्या, त्यामुळे २०१२च्या दिवाळीत ती बातमी आली तेव्हा आमच्याकडे फराळाच्या ताटावरही तीच होती. दाताची डॉक्टर, एकतीस वर्षांची, नवऱ्याबरोबर आयर्लंडमध्ये गॉलवे गावात. सतराव्या आठवड्यात गर्भ पडायला लागला. वाचणार नाही हे डॉक्टरांनाही दिसत होतं. तिनं मोकळं करा म्हणून विनवलं. पण गर्भाचे ठोके चालू होते आणि तिथला कायदा, आईचा जीव थेट धोक्यात नसेल तर, ठोके चालू असताना हात लावू देत नव्हता. एका सुईणीनं तिला सांगितलं, हा कॅथलिक देश आहे. नवऱ्यानं नंतर सांगितलं की सविता म्हणाली होती, मी ना आयरिश, ना कॅथलिक. अंगात विष पसरलं आणि २८ ऑक्टोबरला ती गेली.

त्या सुईणीचा मला राग येत नाही. चौकशीत ती म्हणाली की आपण टोचून बोललो नव्हतो, इथं असं का ते समजावून सांगत होतो. मला ते पटतं. तिच्यासाठी ती नुसती माहिती होती, जसं आपण पाहुण्याला सांगतो की आज आमच्याकडे कांदा चालत नाही. समोरचीचा जीव जात होता. पुढे २०१८मध्ये आयर्लंडनं मत घेतलं, छासष्ट टक्क्यांहून जास्त लोकांनी राज्यघटनेतलं गर्भपातबंदीचं कलम काढून टाकायला होकार दिला. देश अजून कॅथलिकच आहे. चर्चला जाणाऱ्यांनीही हो म्हणून मत दिल्याशिवाय एवढा आकडा होत नसणार.

सविताचं ऐकून अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मुद्दा सोडतील तर अक्का कसल्या! त्या म्हणाल्या, “ते जिवावर बेतलं होतं, ते वेगळं. पण तुम्ही म्हणता ज्याचं त्याच्यापाशी. मग उद्या कुणी चोरी केली, खून केला, तेही त्याचं त्याच्यापाशी का?”

हा प्रश्न खरा आहे, मी तो उडवून लावला नाही. पोटात जीव आहे असं मानणाऱ्याला गप्प बसणं जड जाणारच. मला जात नाही का? पण मी अक्कांना विचारलं, तुमच्या सुनेचं तिसऱ्या महिन्यात पडलं तेव्हा जंगमांना बोलावलं होतं का? माती दिली? सुतक धरलं? काही केलं नाही. दवाखान्यातून आली, चार दिवस आराम केला, झालं. आणि त्यांच्या दिराचं अकरा दिवसांचं बाळ गेलं तेव्हा रीतसर समाधी दिली, घर महिनाभर सुन्न होतं. दोन्ही एकच आहे असं आपण तोंडानं म्हणतो, पण वागताना आपणच म्हणत नाही. आमच्या बोळात पलीकडे मुसलमानांची घरं आहेत. त्यांच्यातले बरेच मौलवी सांगतात की गर्भात रूह येते ती एकशेवीस दिवसांनी. चर्चमध्ये सांगतात पहिल्या क्षणापासून. खून वाईट यावर या बोळातल्या कुणाचं दुमत नाही. पण पोटात जीव कधी येतो यावर एका बोळात तीन मतं आहेत, आणि माझ्या एकटीच्या मनातही एक नाही. तिसऱ्या आठवड्याला मला एक वाटतं, सहाव्या महिन्याला ठाम दुसरं. २०२३मध्ये सुप्रीम कोर्टानं सव्वीस आठवड्यांच्या एका बाईला नकार दिला, तेव्हा मला त्या बाईचं वाईट वाटलं आणि निकालही चुकला म्हणवेना.

शेवटी मी गळ्यातलं लिंग दाखवलं. आपल्यात इष्टलिंग ज्याचं त्याचं असतं. नवऱ्याचं बायको घेत नाही, सासूचं सुनेला चालत नाही. मंदिरात सगळ्यांनी मिळून एकाला हात जोडले आणि भागलं, असं आपल्यात नाही. आपापल्या तळहातावर ठेवून आपली आपण पूजा करायची. दुसऱ्याच्या गळ्यातल्याला आपण बोटही लावत नाही. माझी श्रद्धा मी तशीच वागवते, अंगावर. ती फ्लेक्सवर छापून विडीवालीच्या तोंडासमोर टांगायला मला कुणी शिकवलं नाही. अक्का म्हणाल्या, “बोलण्यात तुम्हाला कोण हरवणार.” म्हणजे पटलं नाही.

एक गोष्ट मात्र मला आमच्याच दुकानात निस्तरता आलेली नाही. आमच्याकडे एक मुलगा आहे कामाला, डी.फार्म. झालेला, रजिस्टर्ड, मोहोळकडचा. गळ्यात माळ, आषाढीला सुट्टी ठरलेली. कामाला चोख. लागल्यावर थोड्या दिवसांनी तो म्हणाला, “काकू, ते किट मी देणार नाही. बाकी काहीही सांगा.” मी म्हटलं, ठीक आहे. तुझ्यावर जबरदस्ती केली तर मी आणि मंडळ सारखंच. पण दोन अटी. तोंड वाकडं करायचं नाही, आणि ‘नाही’ म्हणायचं नाही. ‘काकूंना बोलावतो’ म्हणायचं. त्यानं ते मान्य केलं आणि पाळतोही. मी घरी असले तर दहा मिनिटांत येते.

पण मी अक्कलकोटला गेलेली असते, लग्नाला गेलेली असते. मागे एकदा अशीच बाहेरगावी होते आणि एक बाई चिठ्ठी घेऊन आली. त्यानं फोन केला, तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मला यायला संध्याकाळ होणार होती. ती थोडा वेळ बसली आणि गेली. चिठ्ठीवर नववा आठवडा होता, असं त्यानं मला सांगितलं, खाली बघून. पुढे तिला कुठं मिळालं की नाही, माहीत नाही. आजूबाजूच्या दुकानांवर तर आता फ्लेक्स आहेत.

त्याला काढून टाकायचं माझ्या मनात नाही. दुसरा फार्मासिस्ट ठेवायचा तर पगार परवडत नाही. धाकटी म्हणते, तुम्ही बाहेर जायच्या दिवशी दुकान बंद ठेवा. ह्यांना ते मान्य नाही, लग्नसराईत तर मुळीच नाही. सध्या मी लग्नांना जाणं कमी केलंय आणि नातेवाईक त्यावरून नाराज आहेत.